तलावाकाठचं स्थळ

होडी तलावाच्या मध्यावर आली, तरी सहदेव गुरुजींचं लक्ष पाण्याकडे नव्हतं. वल्ही मारणाऱ्या अमरदीपला ते नखशिखांत न्याहाळत होते. पोरगा सावळा, दणकट, बोलायला मऊ. मुंबईची नोकरी सोडून इथे आईबरोबर पर्यटकांसाठी चार खोल्या चालवत होता. दात स्वच्छ होते. तंबाखूचा डाग कुठे दिसत नव्हता.

“खेडच्या वर जंगलात तलाव आहे, दोन दिवस राहून येऊ,” असं लेक आम्रपाली म्हणाली, तेव्हा गुरुजी नकोच म्हणणार होते. पण मग ती अडखळत पुढे म्हणाली, “तिथे एक चांगलं घर आहे, बाबा. माणसं बघून घ्या. तुम्हाला पटलं तरच पुढचं बोलू.” गुरुजींनी लगेच इस्त्रीचे कपडे बॅगेत भरले.

पस्तिशीला आलेल्या मुलीने एवढं बोलणंच नवल होतं. आजवरचं प्रत्येक स्थळ तिने एकाच कारणावरून परतवलं होतं. आई गेली, आता मी गेले तर तुम्ही एकटे पडाल. आपण पोरीच्या पायातली बेडी झालोय, हे गुरुजींना सतत टोचत असे. ती सासरी गेल्यावर संध्याकाळी कोणाची वाट बघायची, हा विचारही सुटत नसे. पण या खेपेला आडवं यायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मुलाकडची माणसं मात्र जरा वेगळीच निघाली. अमरदीप आम्रपालीकडे धड बघतही नव्हता. उलट गुरुजींनाच हात धरून होडीतून उतरवी, रानातले ओढे दाखवी, बीपीची गोळी घेतली का ते विचारी. होणाऱ्या सासऱ्याला खिशात टाकायची कला याला चांगली साधलीय, असं वाटून गुरुजी मनातल्या मनात हसले.

त्याची आई प्रभावतीबाई तर मुलीला सोडून त्यांचीच चौकशी करत बसल्या. तिखट किती चालतं, घोरता का, राग आला की बोलता की अबोला धरता? बापावरून लेकीची पारख करत असतील, अशी गुरुजींनी समजूत करून घेतली आणि सगळं खरं खरं सांगितलं. घोरतो, हेही सांगितलं. त्यांना इतकं कोणी बऱ्याच दिवसांत विचारलं नव्हतं.

संध्याकाळी काठावरच्या जांभ्याच्या पायरीवर बसल्या बसल्या प्रभावतीबाईंनी विचारलं, “घरात कोण नसलं की कसं वाटतं हो तुमाला, गुरुजी?”

“बातम्या मोठ्याने लावतो,” गुरुजी म्हणाले. “कोणीतरी बोलत असतं.”

“पोरगा दिवसभर पाण्यावर,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “मी पावन्यांना उगाच सांगते, अजून एक दिस रावा.”

निघायच्या सकाळी गुरुजींनी आपणहून विषय काढला.

“मला स्थळ पसंत आहे, आम्रपाली. प्रभावतीबाईंसारखं माणूस मिळायला नशीब लागतं. माझा होकार समज.”

“मनापासून? माझ्याखातर नाही ना?”

“मनापासून.”

आम्रपालीने डोळे पुसले आणि ती तशीच ओटीवर धावली. अमरदीप खाली होडी धूत होता.

“अमरदीपदादा,” तिने हाक मारली, “आईंना सांग, बाबांना त्या पसंत आहेत.”