सीटवरचं प्लास्टिक

"काढ की रं ते प्लास्टिक!" नव्या जीपला ओवाळताना काशीबाई म्हणाली.

"नाय आये. पुढच्या सीटवर पयली नमिता बसंल, मगच काढीन," काळुराम ऐटीत म्हणाला आणि माहेरी गेलेल्या बायकोला आणायला भर दुपारी एकटाच पेणहून रोह्याला निघाला.

वडखळ सोडल्यावर मागच्या सीटचं प्लास्टिक करकरलं, कोणी ऐसपैस बसावं तसं. काळुराम हसला. नवी गाडी, बोलणारच!

नागोठण्यापर्यंत ते आणखी तीनदा करकरलं. तेव्हा गाडी थांबवून त्याने मागचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं आणि शीळ घालत गिअर टाकला.

मैलभर गाडी गप्प होती.

मग शेजारी करकर झाली, आणि नमिताची सीट त्याच्या डोळ्यांदेखत सावकाश खाली दबली.