कप्तानांचा टेप

"हा नको. ह्याला बटणंच नाहीत," कप्तान म्हणाले आणि गुळगुळीत पडद्याचा टेप त्यांनी काउंटरवर परत सरकवला.

दुकानदार हसला. "काका, बटणांचा जमाना गेला. नुसतं बोट लावायचं. पेन ड्राइव्ह खोचलात की गाण्यांची यादी पडद्यावर येते. वाचायची आणि हवं ते लावायचं."

'वाचायची' हा शब्द ऐकला आणि शेजारी उभ्या काकू एकदम काचेबाहेर बघायला लागल्या.

पेन ड्राइव्ह कप्तानांच्या मुठीतच होता. घरातल्या सगळ्या कॅसेटमधली गाणी मुलीनं त्यात भरून दिली होती. गाडीतला जुना टेप कॅसेटशिवाय कशाला ओळख देत नव्हता, आणि हल्ली कॅसेटही चावून चोथा करत होता. नवा घ्यायला हवा होता, हे खरं. पण आत्ताच का, ते काकूंना कळत नव्हतं. आणि जी थोडीफार शंका येत होती, ती खरी ठरायला नको होती.

कप्तान काही जहाजावरचे नव्हेत. जन्मभर त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली. घाटात, धुक्यात, हे पुढे बसलेत म्हणून प्रवासी मागे निर्धास्त घोरायचे. नाव त्या प्रवाशांनीच ठेवलेलं. ते फेरीवर गेले की घरची छोटी गाडी काकू चालवायच्या. बाजारहाट, मुलीची शाळा, दवाखाना, सगळं. पण ते घरी असले की स्टीअरिंग त्यांचं. ते गाडीत असताना काकूंनी कधी त्याला बोट लावलं नव्हतं.

मग डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "नस सुकत चाललीय. गेलेली नजर परत यायची नाही. गाडी आजपासून बंद." कप्तान उठले. घरी आले, चहा प्यायले आणि बादलीभर पाणी घेऊन गाडी धुवायला लागले. पुढच्याच आठवड्यात गाडी फाटकाच्या खांबाला घासली. "खांब जरा पुढेच आलाय," ते म्हणाले. त्या दिवशी काकूंनी किल्ली मागितली नाही, सरळ उचलली. तेव्हापासून घरात भाजी, हवा, मुलीचा फोन, सगळ्यावर बोलणं व्हायचं. आता गाडी कोण चालवणार, एवढं सोडून.

आजही गाडी शेजारच्या मास्तरांनी आणून दिली होती. "मी चालवते," हे काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी गिळून टाकलं. कप्तान मागच्या सीटवर बसले, पाहुण्यासारखे, गुडघ्यांवर हात ठेवून. दुकानासमोर गाडी लावून मास्तर आपल्या कामाला गेले.

दुकानदारानं आणखी टेप काढले. एकाची बटणं जिऱ्याएवढी होती. एकाचे दिवे जत्रेसारखे लुकलुकत होते. कप्तानांचे प्रश्न मात्र वेगळेच. बंद करून परत लावला तर गाणं थांबलं तिथून सुरू होतं की पहिल्यापासून? पुढच्या गाण्याचं बटण कुठलं, मागच्याचं कुठलं? शेवटी जाड गोल बटणाचा एक साधासा टेप हाताशी आला. कप्तानांनी डोळे मिटले आणि त्यावरून बोटं फिरवली. आवाज. पुढचं. मागचं. पुन्हा आवाज.

"वा काका!" दुकानदार खूश झाला. "ड्रायव्हर असावा तर असा. न बघता सगळं जमतंय."

काकूंनी कप्तानांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. म्हणजे न बघता चालवायची तालीम चाललीय तर.

"अहो, कशाला हा खटाटोप?" त्या म्हणाल्या. "घरी मोठा स्पीकर आहे. त्यावर ऐका की."

"घरी ऐकायला नाही भरून घेतली गाणी."

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलात?"

परक्या माणसासमोर हे तोंडून गेलं आणि काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदार उगाचच वायर गुंडाळायला लागला. कप्तानांचा चेहरा उतरला. बराच वेळ त्यांचा अंगठा त्या गोल बटणावरच राहिला.

"हाच बसवा," ते दुकानदाराला म्हणाले.

टेप बसला. पेन ड्राइव्ह खोचला. दुकानदारानं स्टीअरिंगकडचं दार उघडून धरलं. "या काका, हात नीट पोचतोय का बघून घ्या."

कप्तान पुढे झाले. उघड्या दारापाशी थांबले. स्टीअरिंगवर त्यांनी तळहात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा, आणि काढून घेतला. मग बॉनेट चाचपत, दिव्याच्या काचेला हात लावत, ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. सवयीनं पाय ब्रेक शोधत पुढे गेला. तिथे नुसती चटई होती. त्यांनी पाय मागे घेतला.

"काका, ड्रायव्हरची सीट इकडं..." दुकानदार म्हणाला.

"माहीत आहे. ती हिची." कप्तानांनी हात लांब केला, टेप चाचपला, बटण सापडलं. गाणं लागलं तसा त्यांनी आवाज थोडा कमी केला. "ये गं, बस. मास्तरांना फोन कर, म्हणावं परस्पर घरी जा."

काकूंना पर्समधला फोन सापडेना.

दुकानदार अजून दार धरूनच उभा होता. कप्तान समोरच्या काचेकडे तोंड करून त्याला म्हणाले, "टेप माझ्याकडे राहील. गाणं बदलायला हिची नजर रस्त्यावरून हलायला नको. आमच्या दोघांत आता तेवढीच उरलीय."