समासातले प्रश्न

कालव्याच्या कामावरचे सुपरवायझर सुधाकरराव यांची प्रमाणपत्राची परीक्षा उद्यावर आली होती. परीक्षेच्या तेलुगू पुस्तकाला, ती भाषा येत नसल्यामुळे, बायको हात लावत नाही, असं ते धरूनच चालले होते. आज मात्र कुसुमबाईंनी ते उघडलं आणि सुधाकररावांनी समासात मराठीत लिहिलेले प्रश्न त्या त्यांना विचारू लागल्या.

“मजुरायले रोज सकाळी काय इचाराचं?”

“काल काय केलं, आज काय करता, अन् अडचण काय हाय.”

“कोनं अडचण लपवली तं?”

“मंग सारं कामच खोळंबते. आपल्या मानसायपासून लपवाचं नाई.”

कुसुमबाईंनी शेवटचं पान उलटलं. तिथे नागपूरच्या दवाखान्याचा इंग्रजीतला कागद घडी करून ठेवलेला होता. सुधाकररावांचा हात पुढे झाला आणि अर्ध्यावरच थांबला.

“पोळ्यापासून हा कागद पाहून राह्यली मी,” त्या म्हणाल्या. “इंग्रजी मले येत नाई. तुमीच वाचून दाखवा.”