ळची रिकामी जागा

तीन वर्षं खपून तिने तो ठळक फॉन्ट घडवला होता, नुसत्या वर्तुळांचा आणि सरळ रेषांचा, यंत्राने कापल्यासारखा. फक्त ळ काही केल्या जमेना, म्हणून त्याची जागा रिकामीच होती.

थोरल्या बहिणीला दाखवायला तिने सहज 'आभाळ' टाइप केलं, आणि पडद्यावर ळ उमटला. अगदी मनातला!

"अगं ताई, हा मी काढलेलाच नाही!"

"विसरली असशील! काय देखणा आहे गं!" ताईने आनंदाने तिचे दोन्ही हात धरून तिला गरकन फिरवलं.

तेवढ्यात 'आभाळ'पुढे आणखी एक अक्षर उमटलं. तसंच ठळक, तसंच गोल, पण कुठल्याच वर्णमालेत नसलेलं.

तिचे हात अजून ताईच्याच हातात होते.

ताईने ते अक्षर न अडखळता मोठ्याने वाचलं.