करंजावरच्या पाट्या

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या प्रभुलिंग सरांनी सत्त्याण्णवचा अख्खा हिवाळा घराजवळच्या नगरपालिकेच्या बागेत घालवला. करंजाच्या पानांवर उठलेल्या बारीक गाठी भिंगातून न्याहाळायच्या, त्या कुठल्या किडीच्या ते पुस्तकात ताडून बघायचं आणि झाडावर पत्र्याची पाटी टांगायची. येणाऱ्याजाणाऱ्याला चार गोष्टी कळाव्यात, एवढीच हौस. झाडाचं नाव, कूळ, किडीचं शास्त्रीय नाव लिहितानाच पाटी भरून जायची. उरलेलं एक वाक्य मग ते मागच्या बाजूला लिहीत.

पुढं गुडघ्याच्या दुखण्यानं दोन महिने घरात काढून ते बागेत आले, तर करंजांच्या जागी नुसते खुंट.

माळी आकाराम लगबगीनं पुढं आला. "साहेबांनी सांगितलं, कीड लागल्याली झाडं पाडून टाका. आम्हास्नी त्यातलं काय कळतंय, सर? पर तुमच्या पाट्या हुत्या की. एकबी झाड सुटलं न्हाय."

सगळ्या पाट्या त्यानं पुसून, तारेत ओवून सरांसाठी जपून ठेवल्या होत्या.

सरांनी वरची पाटी उलटी केली. मागं त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'या गाठींमुळे झाडाला काहीही होत नाही.'