भर उन्हातला पाऊस

ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हात गावातल्या सगळ्या मोबाईलवर एकदम संदेश आला : ‘मुसळधार पाऊस. द्राक्षांची पानं ओली. ताबडतोब फवारणी करा.’

आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. “सायंटिस्टबाई, पाऊस फक्त तुमच्या यंत्रावरच पडतोय का?” निवृत्तीअण्णांनी मला विचारलं. कादवा नदीच्या काठावर हवामानयंत्र मीच बसवलं होतं. “असलं खोटारडं यंत्र आज नदीत टाकतो बघा!”

मी धावत काठावर गेले. मागे अण्णा आणि निम्मं गाव. यंत्राच्या आडव्या दांडीवर चार ओल्या गोधड्या टाकल्या होत्या आणि त्यांचं पाणी थेट पर्जन्यमापकात गळत होतं. घटस्थापना परवावर आलेली. शेवंताकाकू पाचवी गोधडी पिळत होत्या.

“इथं कुंपण आहे ना, शेळ्या येत नाहीत,” त्यांनी मला समजावलं. “तुमचं यंत्र एवढं हुशार आहे तर सांगू दे की, ह्या कधी वाळतील?”

मी तापमान, आर्द्रता, वारा पाहिला आणि हिशेब केला. “तीन तास वीस मिनिटं.”

सगळे घड्याळ लावून तिथंच बसले. अण्णा दर दहा मिनिटांनी उठून गोधडी चाचपायचे आणि “गार लागतीये” म्हणून पुन्हा बसायचे. तीन तास अठरा मिनिटांनी काकूंनी गोधडी गालाला लावली आणि मान डोलावली.

“राहू द्या यंत्र,” अण्णा हळूच म्हणाले.

“राहू द्या की,” काकू म्हणाल्या. “पण दांडी दोन हात वाढवा. घरी अजून अकरा भिजत पडल्यात.”