ओळीने वाचणारा पाहुणा

"पुन्हा आला बघ," ती पुटपुटली.

साइटवर कोण आलं आणि कुठलं पान उघडलं, ते तिच्या पडद्यावर सरकत होतं. काल 'एच' अक्षराच्या पानांपाशी थांबलेला पाहुणा आज 'आय'पासून पुढे निघाला होता. एक पान, थोडा दम, मग त्याच्या पुढचं. मधलं एकही न गाळता.

साइट अगदी साधी होती. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ढीगभर छोटे-मोठे प्रोग्रॅम मिळतात, त्यांना पॅकेजं म्हणतात. कुठलं कशाला लागतं हे निवांत चाळून बघायला धड जागा नव्हती, म्हणून तिने सुट्ट्या घालवून ती केली. प्रत्येक पॅकेजला एक पान आणि पानावर चार ओळी, कुणालाही समजतील अशा. त्या ओळींवर तिचा फार जीव होता. लिंक तिने ऑफिसात सगळ्यांना पाठवली, भावाला पाठवली, आईलाही पाठवली. "म्हणजे काय असतं गं हे?" आईने फोन करून विचारलं, तेव्हा ती मीटिंगला निघाली होती. "जाऊ दे आई, तुला नाही कळायचं," म्हणत तिने फोन ठेवला.

त्यानंतर साइटवर वर्दळ होती ती रोबोटांची. पानंच्या पानं उपसून नेणारे प्रोग्रॅम ते, वाचण्याशी त्यांना काय देणंघेणं? त्यांच्या गर्दीने साइट रडतखडत चालायची. आपण लिहिलेलं एका तरी जित्याजागत्या माणसाने वाचावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून तर या पाहुण्याने तिच्या डोक्याला भुंगा लावला होता.

"माणूस असेल का रे हा?" तिने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं. ऑफिसात त्याला सगळे सर्वज्ञ म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. "रोज दुपारी गायब होतो. परवा शब्दकोड्यांच्या पॅकेजवर तर किती वेळ रेंगाळला होता."

"रोबोटांनाही वेळापत्रक असतं," मान वर न करता सर्वज्ञ म्हणाला. "डिक्शनरी कुणी ओळीने वाचतं का? घाल कडी."

तिला पुरतं पटलं नाही, तरी तिने त्याचं ऐकलं. हिरमुसून तिने एक ओळ टाइप केली. पाहुण्याला दार बंद झालं. अडवलेल्यांना दिसायची पाटी तिने मागेच मोठ्या हौसेने लिहून ठेवली होती.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"तुझी साइट बिघडली का गं? सकाळी मध्येच पुढचं पान उघडेना. दुपारी जरा पडून उठले, तरी तेच. 'आय'पर्यंत आले होते बघ. ते शब्दकोड्यांचं किती छान लिहिलंयस. म्हटलं, आधी सगळं वाचून काढू, म्हणजे तुला काही विचारलं तर तू वैतागणार नाहीस."



"आई, पडद्यावर काय दिसतंय?" तिने विचारलं. उत्तर तिला पाठ होतं.

आईने चष्मा लावला आणि एकेक शब्द सावकाश वाचला. "'क्षमस्व. ही जागा फक्त माणसांसाठी आहे.' माझं काही चुकलं का गं?"